गोगलगायींच्या हौदात शेवाळ किती हवं?

"हौदाचं पाणी हिरवंगार झालंय, गोगलगायी सोडू का?" उन्हाळा लागला की हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी माझ्याकडे येतो. कुणी गच्चीवर टबात कुमुदिनी लावलेली असते, कुणाच्या सोसायटीत कारंज्याचं कुंड असतं, कुणाच्या वाड्यातला जुना हौद बुजवायचा राहून गेलेला असतो. अपेक्षा सगळ्यांची एकच, की गोगलगाय सोडली म्हणजे सफाईचं काम फुकटात मार्गी लागलं.

माझ्या उत्तराने बहुतेकांचा हिरमोड होतो. पाणी हिरवं करणारं शेवाळ वेगळं आणि गोगलगाय खाते ते वेगळं. तिच्या तोंडात कानशीसारखी जीभ असते, बारीक दातांच्या रांगाच रांगा असलेली. त्या जिभेने ती दगड, भिंत, पानांची पाठ खरवडते. भिंतीवरचा बुळबुळीत थर हे तिचं जेवण. पाण्यात तरंगणारे हिरवे कण तिच्या जिभेला लागतच नाहीत. उलट पाणी गडद हिरवं झालं की खाली ऊन पोचत नाही, भिंतीवरचा थर वाढत नाही, आणि पहाटे तिचा श्वास कोंडतो तो वेगळाच.

माझा हौद कोथरूडला, मागच्या अंगणात. चार फूट लांब, तीन फूट रुंद, पाणी दीड फूट, म्हणजे साधारण ५०० लिटर. बारा वर्षांत माझ्या गोगलगायी तीनदा मेल्या आणि तिन्ही वेळा चूक माझी होती. एकदा शेवाळ फार होऊ दिलं, एकदा ते पार घासून काढलं, आणि तिसऱ्या वेळी तांबं. पुढचं सगळं या तीन फटक्यांवर उभं आहे.

आधी हौदात कोण राहतंय ते बघा

आपल्याकडे हौदांत येतात त्या गोगलगायी बहुतेक वेळा रोपवाटिकेतल्या पाणवनस्पतींना चिकटून येतात. चकलीसारखी चपटी गुंडाळलेली असेल तर ती इंडोप्लॅनॉर्बिस. हिचं रक्त आपल्यासारखं लाल, त्यात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी प्राणवायूतही ती बरीच तग धरते. शंख पातळ, टोकदार आणि तोंड रुंद असेल तर लिम्निया. तशीच पण छोटी, आणि शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केल्यावर ते डाव्या बाजूला येत असेल तर फायसा. या तिघींना फुप्फुस असतं. त्या अधूनमधून वर येऊन हवा घेतात आणि परत खाली जातात.

शंख जाड आणि तोंडाला झाकण असेल तर ती बहुधा बेलामिया. ही कल्ल्यांनी श्वास घेते, अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि कल्ल्यांतून पाणी गाळून थोडेफार तरंगते कणही खाते. वरच्या नियमाला एवढा एक अपवाद. लिंबाएवढी गोल, झाकणवालीच पण मोठी, ती पायला. तिच्याकडे कल्लाही आहे आणि फुप्फुसही. पाणी आटलं की चिखलात शिरून, झाकण लावून ती उन्हाळा काढते.

ही ओळख का लागते? पाण्यातला प्राणवायू कमी झाला की पहिला फटका बेलामियाला बसतो. चकलीवाल्या मजेत दिसतात म्हणून हौद ठीक आहे असं समजलात तर फसाल.

एक सूचना इथेच देऊन टाकते. पाषाण किंवा कात्रजच्या तलावातून, नाल्यातून, गुरं पाणी पितात त्या डबक्यातून गोगलगायी आणू नका. इंडोप्लॅनॉर्बिस आणि लिम्निया गुरांना होणाऱ्या पर्णकृमींसारख्या परजीवींना आसरा देतात आणि त्यांतल्या काहींच्या अळ्यांमुळे आपल्या कातडीला खाज सुटते. घरच्या हौदात वाढलेल्या पिढ्या बऱ्या. तरी हौदात हात घालून झाला की साबणाने धुवायचाच.

पायरी १: झाकण बुडवून बघा

लोणच्याच्या बरणीचं पांढरं झाकण घ्या. मध्ये भोक पाडून ते एका काठीच्या टोकाला आडवं बसवा, जड व्हायला खालून एक नटबोल्ट लावा (स्टीलचा, पितळेचा नको). काठीवर दर पाच सेंटिमीटरला खूण करा. सकाळी दहा-अकराला, ऊन पाठीशी घेऊन, झाकण हळूहळू खाली सोडा आणि दिसेनासं झालं की खूण वाचा. तळी-सरोवरांचे अभ्यासक पांढऱ्या-काळ्या तबकडीने हेच करतात, आपली आवृत्ती स्वयंपाकघरातली.

माझा अंदाज असा बसलाय. झाकण तळापर्यंत, म्हणजे ४०-४५ सेंटिमीटरवरही लख्ख दिसत असेल तर पाण्यात तरंगतं शेवाळ जवळजवळ नाही, अशा वेळी भिंतीवरचा थर तपासा. २५ ते ४० च्या मध्ये नाहीसं झालं तर काही करू नका. २० च्या आत नाहीसं झालं तर त्याच दिवसापासून कामाला लागा. आणि १० च्या आत आलं तर पहिलं काम हवा मारण्याचं, बाकी सगळं नंतर.

पाणी गढूळ आहे की हिरवं, हे मात्र वेगळं ओळखायला हवं. काचेच्या पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. पहिल्या पावसानंतर मातीने गढूळ झालेलं पाणीही झाकण लपवतं, पण ते दोन दिवसांत निवळतं.

पायरी २: नख ओढा

पाण्याखाली चार बोटांवर, भिंतीवर नख ओढा. नखाला तपकिरी किंवा हिरवट, लोण्यासारखा पातळ थर आला तर उत्तम. तपकिरी थरात डायॅटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं आणि गोगलगायींची खरी पसंती त्याला असते. नख कोरडं खरखरीत निघालं तर त्यांची उपासमार चालू आहे. हाताला केसांसारखे लांब हिरवे धागे लागले तर ते धागाशेवाळ. ते कोवळं असताना त्या थोडं कुरतडतात, जून झालं की ढुंकून बघत नाहीत.

भिंतीवर गोगलगाय चरून गेल्याची नक्षी दिसते, नागमोडी, बारीक दातेरी पट्टे. पट्ट्यांच्या मधेमधे न चरलेला थर शिल्लक असेल तर जेवण पुरतंय. सगळी भिंत चरून झाली असेल तर तोंडं जास्त झालीत.

पायरी ३: पहाटे सहाला हौदापाशी जा

ही पायरी टाळून बाकीच्या कितीही केल्यात तरी उपयोग नाही, आणि लोक नेमकी हीच टाळतात. दुपारी बारा वाजता हौद कसा दिसतो याला काडीची किंमत नाही. दुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं, भिंतीवर बारीक बुडबुडे चमकतात, सगळं छान दिसतं. रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू घ्यायला लागतं. मासे घेतात, गोगलगायी घेतात, तळाचा गाळ कुजताना घेतो, देणारं कुणीच नाही. रात्रभर पातळी उतरत जाते आणि सूर्य उगवायच्या वेळी सगळ्यात खाली असते. त्यातून उन्हाळा. २० अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्याकडे त्याहूनही थोडा कमी. मे महिन्यात हौद संध्याकाळी सुरुवातच कमी शिल्लकेने करतो.

माझ्या पहिल्या फटक्याची गोष्ट हीच. माशांना खाणं जरा सढळ हाताने पडत होतं, पाणी पोपटी झालं होतं, झाकण १२ सेंटिमीटरवर नाहीसं होत होतं. मला वाटलं, हिरवं आहे म्हणजे जिवंत आहे. मग वळवाचा पाऊस आला. पाऊस फार नाही पडला, पण दोन दिवस आभाळ भरून राहिलं. ऊन नाही, म्हणजे शेवाळाने दिवसाही प्राणवायू बनवला नाही, रात्री मात्र घेतच राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर आधी वास आला. बेलामिया सगळ्या तळाला, झाकणं सैल, पाय बाहेर लोंबलेला. लिम्निया पाण्याच्या रेषेवर दाटीवाटीने, काही तर पाण्याबाहेर चार बोटं वर भिंतीला. चकलीवाल्या तेवढ्या ठीक.

तर पहाटे बघायचं ते हे. फुप्फुसवाली एखाद-दुसरी वर आलेली असणं रोजचंच. सगळ्याच वर, आणि हलवल्या तरी खाली जात नाहीत, ही धोक्याची खूण. झाकणवाली पाण्याच्या रेषेपाशी चढलेली दिसली तर आणखी वाट बघू नका. गोगलगाय उचलून पायाला बोट लावा. धडधाकट असेल तर चटकन आत जाते. हळूहळू, नाइलाजाने आत गेली तर आजारी. गेलीच नाही आणि वास आला तर बाहेर काढा, कारण एक मेलेली गोगलगाय छोट्या टबाचं पाणी नासवायला पुरते.

शेवाळाची दुसरी करामत पीएचची. ऊन असताना ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाणी अल्कधर्मी होतं. फार शेवाळ असलेल्या हौदात दुपारी पीएच ९ च्या वर सहज जातो आणि पहाटे परत ७ च्या आसपास येतो. यात खरा घात अमोनियाचा असतो, माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या गाळातून येतो त्याचा. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला साधारण ५ भाग असतात, ९ ला ३६. पाण्यातला अमोनिया तोच, वाढला काहीच नाही, पण सकाळी निरुपद्रवी असलेला दुपारी चटका देतो. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचे संच मिळतात त्यातले पीएच आणि अमोनियाचे घेऊन ठेवा आणि पीएच दिवसातून दोनदा मोजा, पहाटे आणि दुपारी तीनला. दोन आकड्यांतला फरक अर्ध्याच्या आत असेल तर निर्धास्त राहा. दीडच्या वर गेला तर शेवाळ हौदावर राज्य करतंय.

शंख काय सांगतो

शंख तोंडाच्या कडेने वाढतो, त्यामुळे कडेला गेल्या काही आठवड्यांचा हिशोब असतो. कड जाड, गुळगुळीत, बाकी शंखाच्याच रंगाची असेल तर खाणं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतंय. कड कांद्याच्या सालीसारखी पातळ, बोटाने दाबली की तुटणारी असेल तर कशाची तरी कमतरता आहे. आधीच्या शंखात आणि नव्या कडेत ठळक पायरी दिसली तर वाढ मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली.

टोकाकडे पांढरे, खडबडीत खड्डे दिसले तर पाणी आम्लधर्मी झालंय आणि शंख विरघळतोय. टोक हा सगळ्यात जुना भाग, म्हणून तिथे आधी दिसतं. ते खड्डे पुन्हा भरत नाहीत, पुढचे पडू नयेत एवढंच आपल्या हातात. शंखावरच हिरवी लव उगवली असेल तर घाबरायचं कारण नाही, पाण्यात ऊन आणि खत दोन्ही जास्त आहेत एवढाच त्याचा अर्थ. जुन्या मऊ दात घासायच्या ब्रशने हलकेच काढा, किंवा सोडून द्या. दुसऱ्या गोगलगायी येऊन ती चरतात, बघायला गंमत वाटते.

पायरी ४: शेवाळ जास्त झालं असेल तर

आधी हवा. छोटा हवापंप रात्री दहा ते सकाळी आठ चालवा, दिवसा त्याची गरज नसते. वीज जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टरवर घ्या. घरात पंप नसेल आणि पहाटे गोगलगायी वर जमलेल्या दिसल्या तर तांब्याने पाणी उचलून फूटभर उंचीवरून परत ओतत राहा, दहा मिनिटं. तांब्या स्टीलचा घ्या. कारण पुढे येतंय.

मग सावली. पाण्याचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग दुपारी सावलीत यायला हवा. कुमुदिनीची पानं हे काम छान करतात, पिस्टिया नावाची कोबीसारखी तरंगती वनस्पतीही करते. पण पृष्ठभाग पूर्ण झाकला तर हवा पाण्यात मिसळत नाही आणि फुप्फुसवाल्यांना वर यायला जागा राहत नाही, म्हणून दर आठवड्याला उपटून एक तृतीयांश मोकळा ठेवा. जलपर्णी मात्र आणू नका. ती खत शोषते हे खरं, पण पाषाण तलावावर आणि मुळा-मुठेवर तिने काय करून ठेवलंय ते आपण बघतोच. तुमच्या हौदातला एक तुकडा गटारात गेला तरी नदीच्या वाट्याला तेच. वनस्पती नको असतील तर रोपवाटिकेतली ५० टक्क्यांची हिरवी जाळी दक्षिण-पश्चिम बाजूने बांधा.

तिसरं, खाणं बंद करा. गप्पी मासे डासांच्या अळ्यांवर जगतात, त्यांना आठवडाभर काही टाकलं नाही तरी चालतं. शेवाळाला खत पुरवणारा मुख्य माणूस बहुतेक घरांत माशांना खाणं टाकणारा आजोबा किंवा नातू असतो.

चौथं, पाणी बदला, पण एका वेळी चौथ्या भागापेक्षा जास्त नको. नळाचं पाणी ड्रममध्ये उघड्यावर २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो, मधूनमधून ढवळा. ज्या गुरुवारी पाणी बंद असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी गढूळ असतं, ते झाडांना घाला. काढलेलं हिरवं पाणीही कुंड्यांनाच घाला, फुकटचं खत.

धागाशेवाळ काठीला गुंडाळून काढायचं, शेवया काढल्यासारखं. काढलेला गोळा लगेच फेकू नका. हौदाचंच पाणी भरलेल्या बादलीत तो दोन-तीनदा हलवा, लहान गोगलगायी तळाला पडतात. उरलेला गोळा रात्रभर हौदाच्या काठावर, अर्धा पाण्यात बुडेल असा ठेवा. राहिलेल्या स्वतः चालत परत जातात. एका दिवसात सगळं शेवाळ काढायच्या भरीस पडू नका, आज एक भिंत, पुढच्या रविवारी दुसरी.

शेवाळनाशक औषध घालू नका. शेवाळ एकदम मेलं की कुजतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवतं. दुसरं कारण तांब्याचं.

निळं-हिरवं शेवाळ

कधीकधी पाण्यावर पोपटी-निळसर साय येते, कडेला रंगाच्या डब्यासारखे ओघळ दिसतात, वास मातकट, कुबट येतो. हे खरं तर शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू आहेत. त्यांतले काही विष तयार करतात. गोगलगायी ते खातात, विष त्यांच्या अंगात साठतं, वाढ आणि अंडी दोन्ही कमी होतात.

ओळखायची सोपी रीत: काठी बुडवून वर काढा. धागे लोंबले तर साधं शेवाळ, रंगासारखं ठिबकलं तर संशय घ्या. मग झाकणाच्या बरणीत पाऊणभर पाणी भरा आणि फ्रिजमध्ये न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर बहुधा सायनोबॅक्टेरिया, तळाला बसला असेल तर साधं शेवाळ. बरणीवर चिठ्ठी लावा. आमच्याकडे तिला एकदा पुदिन्याची चटणी समजून बाहेर काढलं होतं, थोडक्यात वाचलो.

साय आली तर हातमोजे घालून ती वरच्या वर मगाने काढा, मूठभर गोगलगायी स्वच्छ बादलीत हलवा, कुत्र्या-मांजरांना ते पाणी पिऊ देऊ नका, आणि रोज चौथा भाग पाणी बदला, चार-पाच दिवस. हे पाणी कोथिंबीर-पालकाच्या कुंडीत नको.

पायरी ५: शेवाळ कमी असेल तर

दुसरा फटका दिवाळीचा. घरभर साफसफाई चालली होती, त्या भरात मी हौद रिकामा केला, तारेच्या ब्रशने भिंती पांढऱ्याशुभ्र घासल्या, गाळ काढला. पाणी दोन दिवस निवत ठेवून मगच भरलं, म्हणजे क्लोरीनचा प्रश्न नव्हता. हौद इतका सुंदर दिसत होता की पणत्या लावून फोटो काढले. तीन आठवड्यांनी कुमुदिनीच्या पानांची चाळण झाली. मग शंखांच्या कडा पातळ पडल्या. अंडी घालणं थांबलं. डिसेंबरच्या थंडीत, जेव्हा थर मुळातच हळू वाढतो, तेव्हा एकेक करून निम्म्या गेल्या.

तेव्हापासून मी शेवाळाची शेती करते. जुनी मंगलोरी कौलं, नसतील तर मातीच्या कुंडीचे तुकडे, एका बादलीत हौदाचं पाणी घालून उन्हात ठेवते. दोन आठवड्यांत कौलावर तपकिरी-हिरवा थर येतो. कौल खडबडीत असतं म्हणून थर चांगला धरतो, गुळगुळीत टाइलवर तसा धरत नाही. दर रविवारी दोन कौलं हौदात आणि हौदातली चरून झालेली दोन बादलीत. माझ्या साठ-सत्तर गोगलगायींना एवढं पुरतं. नवा हौद असेल तर आधी महिनाभर नुसता पाणी आणि वनस्पती घालून ठेवा, नखाला थर लागला की मगच गोगलगायी सोडा, १०० लिटरला पाच-सहा पासून सुरुवात.

तोवर पोटाला आधार म्हणून पालकाचे देठ किंवा दुधीची चकती चालते, उकळत्या पाण्यातून काढून, गार करून. मीठ नको. मंडईतल्या पालेभाजीवर फवारणी झालेली असू शकते, तासभर पाण्यात ठेवून दोन-तीन पाण्यांतून धुवा. संध्याकाळी टाका, सकाळी उरलेलं काढा. देशी बदामाची वाळकी पानं पुण्यात फुटपाथवर हवी तेवढी मिळतात. त्यांवर जिवाणू-शेवाळाचा थर धरतो आणि पानाची जाळी होईपर्यंत गोगलगायी तिथेच असतात. पण पानं पाणी किंचित आम्लधर्मी करतात, ५०० लिटरला तीन-चार बस्स.

कॅल्शियम, आणि शहाबादी फरशी

शेवाळ नेमकं असूनही शंख पातळ असेल तर पाण्याकडे बघा. खडकवासल्याहून येणारं पाणी मऊ, साबणाला लगेच फेस येतो. बोअरचं आणि टँकरचं बहुतेक वेळा जड. मऊ पाण्यात शंखाला कॅल्शियम कमी पडतं, शिवाय पीएचला आवरून धरणारा कार्बोनेट क्षार कमी असल्यामुळे शेवाळ त्याला दिवसरात्र झोके देतं. तपासपट्टीने मोजलंत तर केएच (म्हणजे हाच कार्बोनेट क्षार) ४ आणि जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) ६ अंशांच्या खाली नको. जड पाण्याचाही एक खेळ आहे. दुपारी पीएच चढला की कॅल्शियम पांढऱ्या पापुद्र्यासारखं दगडांवर बसतं. दगड पांढरे पडले याचा अर्थ पाण्यातलं कॅल्शियम शेवाळाने बाहेर काढलं.

सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या पायाखाली आहे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडी. काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या डोंगरातल्या दगडाचा, या कामी उपयोग नाही. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा, बारीक फेस आला तर चुनखडी. तळहाताएवढे दोन तुकडे, पॉलिश नसलेले, ५०० लिटरला घाला. पाणी अल्कधर्मी असताना ते गप्प बसतात, आम्लधर्मी व्हायला लागलं की हळूहळू विरघळतात. समुद्रफेस, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो, हाही चांगला. गोगलगायी तो थेट खरवडतात. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, भरडून मलमलच्या पुरचुंडीत ठेवा. पानाला लावायचा चुना मात्र घालू नका, पीएच एकदम उसळतो.

तांबं

सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर पडून होतं. त्यात कुमुदिनी लावली तर अंगणात शोभून दिसेल असं मला वाटलं. "अगं, तांब्याचं पाणी प्रकृतीला चांगलं," त्या म्हणाल्या. "आई, म्हणजे शेवाळही होणार नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच झालं नाही. हौदातल्या डझनभर लिम्निया त्यात सोडल्या. दुसऱ्या दिवशी त्या शंखात खोल गेल्या होत्या, तिसऱ्या दिवशी एकही जिवंत नव्हती.

लिम्नियाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, आपल्यात लोहाचं असतं तसं. तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी तिच्या शरीरातल्या क्षारांचा तोल ढळतो. बाजारातल्या बऱ्याच शेवाळनाशकांत तांबं असतं, मोरचूद म्हणजे तर तांब्याचा क्षारच. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी तो चालतो, हौदात नाही. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, डबीवरचे घटक वाचा. घंगाळ, पितळी कारंजं, तांब्याची नळी, सगळं बाहेर.

वर्षभर काय बघायचं

फेब्रुवारीच्या शेवटापासून पाणी हिरवं व्हायला लागतं, जाळी तेव्हाच बांधा, एप्रिलमध्ये बांधून उशीर होतो. मे मध्ये पाणी ३२ अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि वळवाच्या आभाळात हवापंप दिवसाही चालू ठेवा. जूनमध्ये जाळी काढा. पावसाचं पाणी क्षार नसलेलं असतं, हौद भरून वाहत राहिला की केएच उतरतो, तेव्हा महिन्यातून दोनदा मोजा. ऑक्टोबर हीटमध्ये शेवाळ पुन्हा एकदा उसळी घेतं. डिसेंबर-जानेवारीत कौलांची फेरी वाढवा.

गणपतीत हौदाला विसर्जनापासून वाचवा. शाडू तळाला बसून थर झाकतो, निर्माल्य कुजून खत होतं. प्लास्टरची मूर्ती विरघळवायला घरोघरी अमोनियम बायकार्बोनेट वापरतात, ती पद्धत आपल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. त्यातून वर उरतं ते पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे नत्रखत. झाडांना ते पातळ करून घालतात. एका शेजाऱ्यांनी उरलेलं कुंडात ओतलं आणि आठवड्यात पाणी पोपटी झालं. तळाला बसणारी पांढरी पूड कॅल्शियम कार्बोनेटची असते खरी, पण तिच्यात मूर्तीचे रंग मिसळलेले असतात, गोगलगायींसाठी वापरू नका.

पिल्लं फार झाली तर

पानांच्या पाठीला जेलीचे चपटे ठिपके दिसले तर चकलीवालीची अंडी, लांबट सॉसेजसारखे दिसले तर लिम्नियाची. महिनाभरात हे ठिपके अचानक वाढले तर हौदात खाणं जास्त होतंय. अंडी खरवडत बसण्यापेक्षा सावली वाढवा आणि माशांचं खाणं कमी करा, संख्या आपोआप उतरते. जास्तीच्या गोगलगायी तलावात किंवा नदीत सोडू नका, फायसा तर मुळात परदेशातून आलेली आहे. मी दर महिन्याला वीसेक काढून मागणाऱ्यांना देते, ओल्या कापडात गुंडाळून, डब्याला भोकं पाडून. सोबत एक शेवाळलेलं कौल देते. नव्या हौदात पहिला आठवडा त्या त्याच कौलावर काढतात.